तेहतिसावी पट्टी

सेंट लुईसला, जिन्यांनी दम काढणाऱ्या तिसऱ्या मजल्यावर
मला बोलावलं होतं, पियानो विकण्याआधी सुरात आणायला.
इओला गॉल्टनी. शाळेच्या कचेरीत टायपिस्ट.
दार उघडून तिने आधी माझे बूट पाहिले, मग मला.
"वडिलांचा आहे," म्हणाली. "गिऱ्हाईक गुरुवारी येतंय."

मी पुढची फळी काढली, कान लावला.
ती खुर्ची ओढून बसली आणि मी न विचारताच
सांगायला लागली.

हेलेनाच्या दक्षिणेला, दलदलीत, लाकूडतोड्यांची छावणी.
थेरॉन बारा वर्षांचा.
आई मुकादमाचे सदरे धुवायची,
हा सरपण वाहायचा, आणि रात्री दारूच्या खोपटात
पियानो बडवायचा, वाटीभर घेवड्याच्या बोलीवर.
पियानो तरी कसला!
नमदा उंदरांनी नेलेला,
आणि कधीतरी कुणीतरी रागाच्या भरात कुऱ्हाड घातलेली,
तिथे एक पट्टीच नव्हती.
पडलेल्या दाताच्या जागी असते तशी फट.
पोराचा डावा हात तिथवर यायचा,
उचलला जायचा, पलीकडे पडायचा,
एक श्वास उशिरा.

मग आगबोटी. वर गोरी मंडळी नाचायची,
बँडचं जेवण खाली, कोळशाशेजारी.
मग स्वतःचा बँड. बसवर रंगवलं होतं : गॉल्टनीचे अकरा.
होते नऊच.
दोघं कायम शिकागोला पळालेले.

कॅन्सस सिटीत पियानो चांगले होते, बत्तिशी शाबूत.
हात तरी उडी मारायचाच.
पेपरात छापून आलं : गॉल्टनीचा लंगडा ठेका.
तो उचलायला पोरं यायची, पहिल्या रांगेत बसायची,
बोटांकडे टक लावून.
"कुणालाच साधला नाही," इओला म्हणाली.
"खड्डा कुठे आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं ना."

ओक्लाहोमात एका रात्री कुठलंच हॉटेल खोली देईना,
तेव्हा एका काळ्या अंत्यविधीवाल्याने दुकान उघडलं.
नऊ जण शवपेट्यांमध्ये झोपले.
ढोलवाला क्लीओफस सकाळी उठेचना.
सगळ्यांची तंतरली.
तो म्हणाला, "जरा थांबा रे,
एवढी मऊ गादी पुन्हा मिळायची तर मरावं लागेल."

तबकड्या निघाल्या चार.
कंपनी बुडाली, तबकड्या वितळवल्या,
बस विकून सगळ्यांचे पगार चुकते केले,
आणि माणसं घरोघर पांगली.
पुढची एकोणीस वर्षं थेरॉन गॉल्टनी
एका मोठ्या दुकानात लिफ्ट चालवत होते,
पांढरे हातमोजे घालून.
"वर आणि खाली," घरी येऊन म्हणायचे,
"दोनच सूर. पण चूक होत नाही."
रात्री खिडक्या लावून वाजवायचे.
मुलीला शिकवलं नाही.
म्हणाले, टाइपरायटर शीक, त्याचे पैसे मिळतात.

ती बोलत होती तोवर मी हातोड्या तपासत होतो.
तारांनी नमद्यात चरे पाडलेले,
खर्जातले खोल, बैलगाडीच्या चाकोरीसारखे.
डावीकडून मोजत आलो.
एकतिसावी झिजलेली. बत्तिसावी झिजलेली.
तेहतिसावी
गोल, गुबगुबीत, कारखान्यातून काल आल्यासारखी.
चौतिसावी पुन्हा झिजलेली.

मी तिला जवळ बोलावलं, दिवा धरला.
ती बराच वेळ वाकून पाहत राहिली.
मग त्या पट्टीवर तिने बोट ठेवलं.
दाबलं नाही.

"गिऱ्हाइकाला काय सांगू?"
"सांगा, एक पट्टी नवीकोरी आहे."

पाच डॉलर ठरले होते.
तिने मोजून दिले, सगळी नाणी,
आणि मी जिना उतरत होतो तेव्हा
वर झाकण बंद केल्याचा आवाज आला,
किंवा उघडल्याचा.